दुकानातले पंधरा दिवस धरू नका

खानापूरहून आपण विचारले आहे की, दोन वर्षे व्यवस्थित चाललेल्या, माशांच्या चार फुटी टाकीत बेळगावातून आणलेले सहा एंजल मासे थेट सोडावेत का, आणि "आमच्याकडे पंधरा दिवस होते, म्हणजे क्वारंटाइन झालेच" हे दुकानदाराचे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे. माझ्या मते थेट सोडू नयेत, आणि दुकानातले दिवस तर मुळीच मोजू नयेत. दुकानात दर काही दिवसांनी नवा माल येतो आणि एकच जाळी ओल्या अवस्थेत दहा टाक्यांतून फिरते, त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या माशाला काल आलेल्या माशाचा रोग आज लागलेला असू शकतो. क्वारंटाइनची, म्हणजे नवे मासे वेगळ्या टाकीत ठेवून पाहण्याची, मोजणी आपल्या घरी मासे आले त्या दिवसापासून सुरू करावी आणि ती चार आठवडे चालू द्यावी.

आपल्या भागात या चार आठवड्यांना एक अट आहे, ती पाण्याच्या तापमानाची. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला आपण सगळे 'इक' म्हणतो, त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी कोश करतो आणि त्या कोशातून शेकडो पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधतात. औषधाचा किंवा मिठाचा परिणाम होतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवरच. कातडीखालचा आणि कोशातला परजीवी त्यांना दाद देत नाही. हे चक्र २५ अंशांना साधारण आठवडाभरात पुरे होते, पाणी १५ अंशांच्या आसपास असेल तर त्यालाच दोन-तीन आठवडे लागू शकतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे हवा १४-१५ अंशांपर्यंत उतरते, आणि हीटर नसलेल्या लहान टाकीचे पाणीही तिच्यामागोमाग उतरत जाते. अशा पाण्यात दोन आठवडे काही दिसले नाही, याचा अर्थ रोग नाही असा होत नाही. तो फक्त सावकाश चालला आहे, असाही होऊ शकतो.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. एका थंडीत आठ निऑन मासे आणले, बिनहीटरच्या टाकीत बारा दिवस ठेवले, सगळे छान खात होते, म्हणून मोठ्या टाकीत सोडले. तिथे पाणी २७ अंश होते. पाचव्या दिवशी रात्री दिवे मालवून बाजूने टॉर्च धरला, तेव्हा एका जुन्या एंजलच्या शेपटीवर बारीक मिठाचे तीन कण चिकटल्यासारखे दिसले. त्या आठवड्यात अकरा मासे गेले, त्यांत नवे फक्त दोन होते. तेव्हापासून टॉर्च ही माझी रोजची तपासणी आहे. समोरच्या दिव्यात जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात दिसते.

क्वारंटाइनची टाकी साधीच पुरते. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ४२ लिटर पाणी मावते. एंजल अजून लहान असतील तर एवढी चालेल, मोठे असतील तर हिच्या दुप्पट घ्यावी. तळाला वाळू नको, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे पुरेत, आणि हीटर २७ अंशांवर ठेवावा. स्पंज फिल्टर मात्र महिनाभर आधीच मोठ्या टाकीत चालवून घ्यावा, कारण कोऱ्या स्पंजात माशांच्या उत्सर्जनातून साठणारा अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात आणि मग रोगाआधी अमोनियानेच मासे दगावतात. क्वारंटाइन संपल्यावर तोच स्पंज उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवावा. जाळी, सायफनची नळी आणि बादली वेगळी असावी. आमच्या घरी त्या लाल बादलीला दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हात लावायचा नाही, असा नियम आहे, आणि त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

मासे आणलेली पिशवी बंद ठेवूनच वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग मासे जाळीने काढून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणे तर घातकच ठरते, कारण पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो, म्हणजे पाण्याची आम्लता कमी होते, आणि साठलेला अमोनिया विषारी रूप घेतो.

लक्षण नसताना औषध घालावे का, यावर मतभेद आहेत. मी घालत नाही. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारते. ठिपके दिसलेच तर लिटरला २ ते ३ ग्रॅम खडे मीठ एक-दोन दिवसांत थोडे थोडे विरघळवून घालावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस तसेच ठेवावे. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधेच पाणी भरावे. पाणी बदलाल तेव्हा मात्र बदललेल्या पाण्यापुरते मीठ घालावे.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला मी मोठ्या टाकीतला एक जुना, धडधाकट मासा नव्यांच्या टाकीत आणून सोडतो. नवे मासे स्वतः ठणठणीत राहून रोग वाहत असतील, तर तो या एकट्यावर दिसतो. आणि जुन्या टाकीतले जंतू नव्यांना बाधणार असतील, तर तेही तिथेच कळते. या कामासाठी आवडता मासा निवडू नये, पण आजारीही निवडू नये. तो सात दिवस नीट खात राहिला आणि टॉर्चच्या उजेडात त्याचे पर स्वच्छ दिसले, तर आठव्या दिवशी संध्याकाळी, दिवे बंद करून, सगळ्यांना एकदमच मोठ्या टाकीत सोडावे.