हिथ्रोला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉट्सवोल्ड वे चालायला घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मेच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून थेट विमानाने सकाळी हिथ्रोला उतरणार आहात. तुम्ही आणि तुमच्या सौ., दोघंही पंचावन्नच्या पुढचे, सह्याद्रीत फिरायची सवय असलेले. कॉट्सवोल्ड वे, म्हणजे इंग्लंडमधली चिपिंग कॅम्डन ते बाथ ही लांब पायवाट, आठ दिवसांत पुरा करायचा आहे. प्रश्न असा की दुसऱ्याच दिवशी चालायला लागावं, की आधी दोन दिवस लंडन बघून घ्यावं?

माझं ऐकाल तर दोन्ही नको. उतरलात की त्याच दिवशी चिपिंग कॅम्डन गाठा, म्हणजे जिथून वाट सुरू होते तेच गाव. तिथे कुणाच्या घरी भाड्याने मिळणाऱ्या एकाच खोलीत दोन रात्री काढा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघा. लंडन परतीला ठेवा. झोप पुरी झालेली नसताना लंडनच्या भुयारी रेल्वेचे जिने चढण्या-उतरण्यात पायांची जी शक्ती जाते, ती पुढे शेतातल्या चिखलात लागते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी हीच वाट केली, त्यामुळे दोन रात्रींचा आग्रह का धरते ते सांगते. हिथ्रोला सामानाच्या पट्ट्यावर माझी बॅग आली, ह्यांची आली नाही. माणसं पांगली, पट्टा फिरत राहिला. त्यावर शेवटी एक लहान मुलाची घडी घातलेली ढकलगाडी तेवढी उरली होती, ती आम्ही चार वेळा समोरून जाताना पाहिली. मग विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन तक्रार लिहून दिली. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पुढचे दोन-तीन दिवस तुमचा पत्ता काय?" आमच्याकडे एकच पत्ता होता, म्हणून काम सोपं झालं. बॅग दुसऱ्या दिवशी रात्री आठला कॅम्डनच्या घरी पोचली. तोवर आम्ही चालायला लागलो असतो तर? रोजचा मुक्काम वेगळ्या गावी, रोज नवा पत्ता. बॅग आमच्या मागे गावोगाव फिरली असती, आणि ह्यांचे बूट त्याच बॅगेत होते.

म्हणून बूट पायात घालूनच विमानात बसा. विमानात पाय सुजतात, तेव्हा नाड्या सैल सोडा. हातातल्या बॅगेत पावसाचं जॅकेट, दोन जोड लोकरी मोजे, एक जोडी कपडे आणि रोजची सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. काठ्या मात्र बहुतेक ठिकाणी विमानात हाताशी नेऊ देत नाहीत, त्या मोठ्या बॅगेतच जातील. त्या हरवल्या तरी तिथे मिळतात. सवयीचे झालेले बूट मिळत नाहीत.

आता झोपेचं. मेमध्ये इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. पश्चिमेकडे जाताना शरीर त्यामानाने लवकर जुळवून घेतं, साधारण दिवसाला तास-दीड तास. म्हणजे पहिले तीन-चार दिवस तुम्हाला पहाटे साडेतीनला टक्क जाग येईल आणि संध्याकाळी सहाला डोळे मिटायला लागतील. त्या वेळी पलंगावर टेकू नका. बाहेर उजेडात फिरा. मेअखेर तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि तो संध्याकाळचा उजेडच शरीराचं घड्याळ मागे सरकवतो. पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो, पडदे पातळ असतात, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ असू द्या. खोलीत किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाच्या चिमुकल्या डब्या असतात. पहाटे चारला आम्ही खिडकीशी बसून चहा प्यायलो. बाहेर ब्लॅकबर्डची शीळ सुरू झाली होती, आणि रस्त्यावर चिटपाखरूही नाही असं म्हणावं तर समोरच्या दगडी छपरावर तोच एक पक्षी. प्रवासाचा शीण त्या पहाटेला उतरला.

हिथ्रोहून कॅम्डनला जाताना बहुतेक लोक आधी लंडनचं पॅडिंग्टन गाठतात. एलिझाबेथ लाइनने अर्ध्या तासात पोचता येतं, मग तिथून वूस्टरच्या दिशेच्या गाडीने साधारण दीड तासात मोरटन-इन-मार्श. हा रस्ता चांगलाच आहे. पण मला दुसरा जास्त आवडतो. हिथ्रोवरूनच रेलएअर नावाची बस रेडिंग स्टेशनला जाते. त्याच मोरटनच्या गाड्या रेडिंगला थांबतात, त्यामुळे लंडनमध्ये शिरावंच लागत नाही. उतरल्या दिवशीचं रेल्वेचं तिकीट आधी घेऊन ठेवू नका. तिथली 'अ‍ॅडव्हान्स' तिकिटं स्वस्त असतात खरी, पण ती ठरावीक गाडीचीच असतात. विमानाला उशीर झाला की पैसे गेले. परतीच्या प्रवासाला बाथहून मात्र जरूर तशी घ्या.

कॅम्डनला रेल्वे स्टेशन नाही. मोरटनहून अकरा-बारा किलोमीटर आहे. बस आहे पण फेऱ्या मोजक्या, आणि रविवारी तिच्यावर विसंबू नये. ज्यांच्या घरी उतरणार त्यांनाच मेल करून टॅक्सी सांगायला लावा. आपल्यासारखी स्टेशनबाहेर रिक्षांची रांग नसते. खोलीचा ताबा बहुतेक ठिकाणी दुपारी तीन-चारनंतर देतात, पण सामान आधी ठेवू देतात. तेवढं विचारून घ्या.

एक गोष्ट तुमच्या तारखांमुळे मुद्दाम सांगते. मेच्या शेवटच्या सोमवारी तिथे बँक हॉलिडे असतो, त्या आठवड्यात शाळांनाही सुट्टी. त्या सोमवारनंतरच्या शुक्रवारी कॅम्डनजवळच्या डोव्हर्स हिलवर गावचे खेळ होतात. रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने १६१२ च्या सुमारास ते सुरू केले. एकमेकांच्या नडगीवर लाथा मारून पाडायचा एक खेळ तिथे अजून खेळतात. तुमचा दिवस जुळला तर अवश्य बघा, पण त्या दिवसांत खोली मिळणं कठीण, म्हणून आत्ताच बघा.

मधला मोकळा दिवस लोळण्यात घालवू नका, तो शिकण्याचा दिवस आहे. गावाच्या मुख्य रस्त्यावर १६२७ चा मार्केट हॉल आहे, चारी बाजूंनी उघडा, मधासारख्या पिवळ्या दगडाचा, आतली फरशी पावलांनी झिजून खालीवर झालेली. वाट तिथूनच सुरू होते. तिथून डोव्हर्स हिल दीड-दोन किलोमीटर. बूट घालून, पाठीवर रोजची सॅक घेऊन तेवढं जाऊन या. बरोबर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, उत्तरेकडच्या भागाचा क्रमांक ओएल ४५. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि शेताशेताच्या कडासुद्धा काढलेल्या असतात. सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. शेत खासगी असलं तरी त्या रेषेवरून चालायचा कायद्याने हक्क आहे. सुरुवातीला दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जाताना आपला पाय अडखळतो. माझा अडखळला. ते अवघडलेपण त्या दिवशीच घालवून टाका.

मी मूळची रत्नागिरीकडची, म्हणून मला तिथले गडगे बघून फार बरं वाटलं. चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचलेली भिंत, थेट आपल्या कोकणातल्यासारखी, फक्त जांभ्याऐवजी पिवळा चुनखडीचा दगड. आणि आपलं बेडं असतं तसं जनावरं अडवायला त्यांचं किसिंग गेट. अर्धगोल कुंपणात झुलणारं लाकडी दार. आत शिरायचं, कोपऱ्यात सरायचं, दार आपल्यासमोरून पलीकडे ढकलायचं, मग बाहेर पडायचं. एका वेळी एकच माणूस. पाठीवरची सॅक मोठी असेल तर कोपऱ्यात अडकते, तेव्हा ती काढून हातात घ्यावी. दुसरी फाटकं जशी असतील तशीच ठेवायची. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण शेतकऱ्याने ते कारणाने तसं ठेवलेलं असतं. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्याही असतात. त्या पावसात निसरड्या होतात, तेव्हा तोंड पायरीकडे करून उतरा.

गाईंचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडे गाय आली की हात पुढे करून पाठ थोपटायची सवय. तिथे मेमध्ये वासरं लहान असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून, शेताच्या कडेकडेने जा, भले नकाशावरची वाट मधून का जाईना.

खाण्याबद्दल विचारलं नाहीत, पण मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांत उपासमार होते ती यामुळेच. पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि रात्री साधारण नऊला. रविवारी दुपारी भरपूर, रात्री बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. पहिल्या रात्रीचं टेबल घरमालकांकडूनच राखून ठेवा. आम्ही शाकाहारी आहोत, आम्हाला अडचण आली नाही. सूप, भाजलेला मोठा बटाटा, चीज-लोणच्याचा पाव सगळीकडे मिळतो. न्याहारी शाकाहारी हवी हे आधी कळवा. इथून नेताना दुधा-तुपाचं काही नेऊ नका. मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तुपातले लाडू घरीच. शेंगदाण्याची चटणी, भडंग, चिक्की, खाकरे खुशाल घ्या. शेताच्या कडेला बसून खाल्लेली लसणीची चटणी आणि पाव ही माझ्या त्या प्रवासातली सगळ्यात चविष्ट न्याहारी. नळाचं पाणी बेलाशक प्या.

सॉकेट तीन चपट्या पिनांचं, अडॅप्टर इथूनच घ्या. पैसे कार्डाने, थोडी रोकड टॅक्सीला. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये रेंज जाते. आणीबाणीला ९९९.

शेवटी तुमच्या आठ दिवसांकडे येते. वाट १६४ किलोमीटरची, म्हणजे रोज सरासरी साडेवीस. राजगड-तोरण्यासारखी छातीवरची चढण नाही, सगळ्यात उंच क्लीव्ह हिल ३३० मीटर. पण आपण गड करतो तो एक दिवस किंवा दोन, मग घरी येऊन पाय वर करून बसतो. इथे ओळीने आठ दिवस चालायचंय, आणि तिथला चिखल तळव्याला चिकटून प्रत्येक बूट अर्धा किलोने जड करतो. मी तुमच्या जागी असते तर लंडनमधला एक दिवस कमी करून चालीला नववा दिवस दिला असता आणि पहिल्या दिवशी फक्त ब्रॉडवेपर्यंत, सुमारे दहा किलोमीटर, गेले असते. डोव्हर्स हिलवरून, मग ब्रॉडवे टॉवरच्या ३१२ मीटरच्या टेकडीवर, तिथून गवताच्या उतारावरून सरळ गावात. उतार गुडघ्यांना जाणवतो, घाई करू नका. दुपारी दोनच्या आत पोचलात तर पबचं स्वयंपाकघरही उघडं सापडेल. पायाला कुठे लाल झालंय का ते त्याच दुपारी मोजे काढून बघा आणि लाल दिसलं तर फोड येण्याआधी तिथेच पट्टी लावा. ब्रॉडवेला औषधाचं दुकान गाठायला वेळ असेल, पुढच्या मुक्कामी पोचेस्तोवर दुकानं बंद झालेली असतात.