केअर होममधल्या आजी लहानपणी निवासी शाळेत होत्या. त्यांना बोलतं करावं का?

तुम्ही कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात एका केअर होममध्ये काम करता. तिथल्या क्री या आदिवासी समाजाच्या एक आजी आंघोळीच्या वेळी घाबरून हात झटकतात, ताटात काही उरलं तर लपवतात. त्यांचं बालपण निवासी शाळेत, म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या, सरकारच्या पैशावर चर्चनं चालवलेल्या शाळेत गेलं हे कळल्यावर त्यांना बोलतं करून मन मोकळं करू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामात आहे आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: विषय तुम्ही काढू नका. त्यांनी आपणहून काढला, तर हातातलं काम ठेवा आणि बसून ऐका.

अशा शाळांत राहिलेल्या कित्येकांना नुकसानभरपाईच्या सुनावणीत अत्याचाराचा तपशील परक्या माणसापुढे सांगावा लागला आहे. असे ३८,००० हून अधिक दावे झाले. २००८ ते २०१५ या काळात या शाळांबद्दल नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे साडेसहा हजारांहून जास्त लोक बोलले, पण तिथे शेजारी आधाराला माणसं बसलेली असायची आणि डोळे पुसलेले कागदी रुमालसुद्धा गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण केले जायचे. सकाळच्या घाईत, न्हाणीघरात, आपण यातलं काय देऊ शकणार?

मात्र दुसरं बरंच काही तुमच्या हातात आहे. त्या शाळांमध्ये सुमारे दीड लाख मुलं गेली. आल्या आल्या केस कापायचे, अनेक ठिकाणी नावाऐवजी नंबर, आपली भाषा बोललं की शिक्षा, भावंडांची ताटातूट. आता आजींच्या नजरेनं तुमचं केअर होम बघा. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या दिवशी आंघोळ, युनिफॉर्ममधली माणसं येऊन अंगावरचे कपडे काढतात. त्या घाबरतात यात नवल काय!

म्हणून प्रत्येक गोष्ट विचारून करा. आंघोळ आज की उद्या, हे त्यांना ठरवू द्या. अंगावर टॉवेल राहू द्या, जमेल तेवढं त्यांच्या हातानं होऊ द्या. केसांना तर विचारल्याशिवाय हातच लावू नका. ताट संपवायचा आग्रह नको; आपल्याकडे तो प्रेमाचा असतो, त्यांच्यासाठी तसा नसेल. रात्री खोलीत जाताना दारातूनच आपलं नाव सांगा. शक्यतो रोज तीच व्यक्ती त्यांच्याकडे जावी, आणि हे सगळं केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या, नाहीतर तुमच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच होईल.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. आपल्याला कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचं कौतुक असतं. ‘पण इंग्रजी छान शिकलात ना’ असं चुकूनही म्हणू नका.

समाजातल्या ज्येष्ठांना भेटायचंय का, सेज किंवा स्वीटग्रास या पवित्र वनस्पतींचा धूर घ्यायचा विधी करायचाय का, हे मात्र जरूर विचारा आणि त्याची सोय करण्यासाठी सुपरवायझरच्या मागे लागा. गृहीत धरू नका. काहीजण मनापासून ख्रिस्ती आहेत, त्यांना कदाचित पाद्रीच हवा असेल. समुपदेशन आणि समाजातल्या ज्येष्ठांचा आधार मिळण्यासाठी कॅनडाच्या केंद्र सरकारची योजना आहे, ती कुटुंबीयांसाठीही आहे. मन फार अस्वस्थ झालं तर १-८६६-९२५-४४१९ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर आजींच्या मुलांनाही द्या.

३० सप्टेंबरला या शाळांतल्या मुलांच्या आठवणीसाठी सगळे नारिंगी शर्ट घालतील, टीव्हीवर दिवसभर शाळांचीच चर्चा असेल. आजींना त्यात यायचंय की टीव्ही बंद हवाय, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.