सगळ्यांसमोर उलट बोलतो

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. घरी कुणी आलं की हूं नाही की चूं नाही, सरळ आतल्या खोलीत. परवा आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला, तर म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" मी सगळ्यांसमोर त्याला माफी मागायला लावली. तो काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. मारणं मला पटत नाही, पण असंच चाललं तर हा उद्धट होईल का?

उत्तर : पाहुण्यांशी न बोलणं ही बहुतेक वेळा लाज असते. "बोल ना, मुका आहेस का?" म्हटलं की उरलासुरला आवाजही बसतो. कोण येणार ते आधी सांगून ठेवा. तो नुसता हसला तरी पुरे. कुणी जवळ ओढलं आणि त्याला नको असेल, तर त्याची बाजू घ्या. (हे माझं मत बऱ्याच आजी-आजोबांना रुचत नाही. इलाज नाही.)

आजोबांना दिलेलं उत्तर मात्र सोडून द्यायचं नाही. पण आधी तो सूर त्यानं कुठून उचलला ते बघा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बडवलं. नंतर त्यांतली बरीच मुलं तशीच बडवू लागली, शब्दसुद्धा त्याचेच. शिकवलं कुणीच नव्हतं. तेव्हा घरात फोनवर, दारात आलेल्या माणसाशी, नवरा-बायकोत कुठला सूर लागतो, तो जरा कान देऊन ऐका. सासऱ्यांच्या माघारी त्यांच्याविषयी काय बोललं जातं, तेही.

पुन्हा तसं झालं तर जवळ जाऊन हळू आवाजात म्हणा, "असं नाही. नीट सांग." आणि नीट म्हणजे कसं, ते वाक्यही द्या : "आजोबा, एवढं संपलं की कमी करतो, चालेल?" मोठ्यांना नाही म्हणायची सोय ठेवा, नाहीतर त्याच्याकडे उलट बोलणं एवढंच उरतं. माफीचा विषय राग उतरल्यावर, दोघंच असताना काढा. चारचौघांत मागवलेल्या माफीतून तो पुटपुटायला तेवढा शिकतो.

आणि आजोबांनाही विचारून बघा, "कमी कर"च्या आधी "डोकं दुखतंय रे" एवढं जोडता येईल का.