पहिल्यांदाच नाताळची फेरी नेताना

बाळा, यंदा गाण्याच्या फेरीची जबाबदारी तू घेतलीस, फार बरं वाटलं. घरांची यादी करताना एवढं बघ, ज्या घरातलं माणूस यंदा गेलंय ते घर गाळू नकोस. "दुःखात त्यांना त्रास कशाला" म्हणून आम्ही एकदा गोडोलीतलं असं घर टाळलं. नंतर कळलं, काकू चहाचं आधण ठेवून, दार उघडं टाकून मध्यरात्रीपर्यंत बसल्या होत्या. अजून जीवाला लागतं ते. अशा घरी ढोलकी बाहेरच ठेव. एकच गीत हळू म्हणा आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, 2 ऱ्या अध्यायातला मेंढपाळांचा भाग वाच. देवदूत आधी "भिऊ नका" म्हणतो, मग आनंदाची बातमी देतो. तोच क्रम धर.

पेटीची पट्टी खालची ठेव, म्हाताऱ्यांनाही गाता आलं पाहिजे. भजनं भरपूर घे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' ही येशूभक्तांची मंडळी आपल्या साताऱ्यातच सुरू केली. टाळ धरून येशूचं नाव गाणं हे आपलंच आहे, त्यात संकोच नको. शेजारपाजारचे थांबून ऐकतात, त्यांनाही करंज्या द्या.

थंडी मरणाची असते. लहान मुलांना नऊच्या आत घरी पोचव.