‘मी साधी जीएनएम आहे, मला परीक्षेला बसू देतील का?’

परदेशी जाऊ पाहणाऱ्या परिचारिका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा सुरुवात झोपेपासून होते. झोप लागत नाही, घरी चिडचिड होते, ड्युटीवर चूक होईल अशी धास्ती वाटते. थोडं बोलणं झालं की खरा प्रश्न बाहेर येतो: ‘माझं शिक्षण तिकडे चालेल का?’ कुणी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, कुणी बीएस्सी नर्सिंगची पदवी घेतलेली, कुणी जीएनएमवर पोस्ट बेसिक ही पुढची पदवी केलेली, कुणी एएनएम म्हणजे सहायक परिचारिका. हा प्रश्न इतक्या जणींच्या तोंडून ऐकला की आज एकीची हकीकत लिहायला बसले. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती छत्तिशीची, अकरा वर्षं आयसीयूत. अमेरिकेत आरएन, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका, म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा द्यावी लागते. तीन वर्षं ती ‘यंदा देते’ म्हणत होती. पुस्तकं आणली, क्लास लावला, सोडला.

‘मॅडम, मी साधी जीएनएम आहे. डिग्रीवाल्यांपुढे मला कोण बसू देणार?’

‘हे कोणी सांगितलं?’

‘सगळेच म्हणतात.’

‘तिथल्या नर्सिंग बोर्डाने सांगितलं?’

ती थांबली. ‘बोर्डाला मी विचारलंच नाही.’

मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते. माणसाला घटनेपेक्षा त्याने तिला चिकटवलेला अर्थ जास्त छळतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तिच्या वाक्यात मला ‘जीएनएम’पेक्षा ‘साधी’ हा शब्द टोचला. पण आधी माहिती दिली, कारण चुकीच्या माहितीवर धीर देणं मला पटत नाही. अमेरिकेतही दोन वर्षांची असोसिएट डिग्री, रुग्णालयातला डिप्लोमा आणि चार वर्षांची पदवी या तिन्ही वाटांनी आलेले विद्यार्थी एकच एनक्लेक्स-आरएन देतात. संगणक आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो. समोरच्याची पदवी त्याला दिसत नाही.

तिला हायसं वाटलं. पुढच्या भेटीत मात्र ती पुन्हा तिथेच. ‘ते तिकडचे डिप्लोमावाले, मॅडम. आपलं वेगळं.’

मग मी विचारलं, ‘शाळेकडे ट्रान्सक्रिप्ट मागितली का?’ ट्रान्सक्रिप्ट म्हणजे शिकलेल्या विषयांचा आणि तासांचा शाळेने दिलेला अधिकृत तपशील. तिची नर्सिंग स्कूल घरापासून तासाभरावर. तीन वर्षांत एकदाही गेली नव्हती.

‘का नाही गेलात?’

‘कागद पाठवले आणि ते नाही म्हणाले तर?’

‘तर काय होईल?’

बराच वेळ ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘तर मी अकरा वर्षं खोटीच नर्स होते, असं होईल.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी घाईने समजूत घातली की हाताशी आलेलं निसटतं. पुढच्या वेळी तिला शिक्षणाच्या काळातलं प्रसूतीचं केसबुक आणायला सांगितलं. खाकी कव्हर घातलेली, कोपरे झिजलेली वही. वीस प्रसूतींच्या नोंदी, प्रत्येकीखाली ट्यूटरची सही. तिने पान उलटलं. ‘ही पहिलटकरीण. रात्रभर माझा हात सोडला नव्हता.’ सातव्या नोंदीपर्यंत आवाज बदलला होता.

‘बीएस्सीवालीच्या वहीत ही नोंद वेगळी दिसली असती?’ मी विचारलं.

‘नाही. बाळ तसंच येतं.’ आणि ती रडली.

त्या दिवशी मला स्वतःलाही एक गोष्ट लख्ख दिसली आणि तेव्हापासून मी त्या गोष्टीवरच काम करते. ‘मी पात्र आहे का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. एक फायलीचा, म्हणजे कागदपत्रांचा, त्याचं उत्तर बोर्ड देतं. दुसरा ‘मी पुरेशी आहे का’ हा. त्याचं उत्तर कुठलंच बोर्ड देत नाही, पण बाई ते फायलीकडून मागत राहते आणि म्हणून फाईल उघडतच नाही.

हे दोन सुटे झाले की फायलीचा प्रश्न बराच सोपा होतो. पात्रता ठरवतं अमेरिकेतल्या त्या त्या राज्याचं नर्सिंग बोर्ड आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. म्हणून आधी राज्य निवडा. बहुतेक ठिकाणी ट्रूमेरिटसारख्या (पूर्वीची सीजीएफएनएस) संस्थेकडून शिक्षणाचं मूल्यमापन मागतात. त्यात मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसिक आरोग्य या विषयांचं वर्गातलं शिक्षण आणि वॉर्डातला अनुभव पाहतात. ट्रान्सक्रिप्ट शाळेकडून आणि नोंदणीची पडताळणी आपल्या इथल्या नर्सिंग कौन्सिलकडून थेट जावी लागते. आपल्या हातातल्या झेरॉक्सचा तिथे उपयोग नाही.

पोस्ट बेसिक केलेल्यांना हे विशेष सांगते. ती पदवी घेतली की जीएनएम पुसलं जाईल असं अनेकींना वाटतं. पण ज्या शिक्षणावर पहिली नोंदणी झाली, तेच आधी तपासतात. मैत्रिणीचं झालं म्हणून आपलंही होईल, हेही धरून चालू नका. जुना जीएनएम साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे, त्यामुळे बॅचगणिक कागद वेगळे निघतात. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर ते आधी जुळवून घ्या. किती फायली तिथेच अडलेल्या मी पाहिल्या आहेत!

एएनएम झालेल्या मुलींना मी खोटी आशा लावत नाही. आरएनच्या परीक्षेसाठी आधी जीएनएम किंवा बीएस्सी करावं लागेल, हे पहिल्याच भेटीत सांगते. त्यातल्या एकीने ऐकून सुटकेचा श्वास टाकला होता. ‘निदान कोणीतरी स्पष्ट बोललं,’ म्हणाली.

आयसीयूतल्या त्या सिस्टरचा गेल्या आठवड्यात फोन आला. मूल्यमापनवाल्यांनी मानसिक आरोग्य विषयाच्या तासांबद्दल शाळेकडून खुलासा मागवला होता. आधीची ती असती तर दोन रात्री जागली असती.

‘सकाळची ड्युटी संपली की शाळेत जाते, मॅडम. क्लार्कबाई तीनपर्यंत असतात.’