साठीनंतरचं लायसन्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय 63. अमळनेरला राहतो, स्कूटर आणि कार दोन्ही चालवतो. लायसन्सची मुदत संपून पाच महिने झाले. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. त्याआधीच नूतनीकरण उरकून घेऊ का?

उत्तर: नको, आधी डोळा. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. तुमच्याकडे अजून सात महिने आहेत. मात्र तोवर गाडीला हात लावू नका. पूर्वी मुदत संपल्यावरही 30 दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत गेली. पकडलं तर 5000 रुपयांपर्यंत दंड, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो.

चाळिशीनंतर नमुना 1-अ, म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो. 25 मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी वाचता येते का, लाल-हिरवा ओळखू येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हे त्यात डॉक्टरांनी लिहायचं असतं. दोष चष्म्याने जात असेल तर अडचण नाही. म्हणून ऑपरेशननंतरचा नवा नंबर ठरू द्या, मग दाखला घ्या. न तपासता सही करून देणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. रात्री पारोळा-एरंडोल रस्त्यावर समोरून अप्पर लाइट आला, की पुढे चाललेली बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसत नाही.

बाकी काम सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर होतं. अर्ज अडतो तो बहुधा आधारपाशी: मोबाइल जोडलेला नसतो म्हणून ओटीपी येत नाही, नाहीतर नाव लायसन्सवर एक आणि आधारवर दुसरं. ते आधी दुरुस्त करा. घर बदललं असेल तर पत्ताही बदलून घ्या, कार्ड पोस्टाने येतं. नूतनीकरणाचे 200, स्मार्ट कार्डाचे 200, शिवाय उशिराचा आकार. पंचावन्नच्या पुढे मुदत पाचच वर्षांची मिळते. पुढच्या वेळी मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात कधीही अर्ज करता येईल.

प्रश्न: वडिलांचं लायसन्स 1994 चं, पुस्तकाच्या रूपातलं. मुदत कधीच संपली. आम्ही शहाद्याचे, पोर्टलवर नंबर सापडत नाही.

उत्तर: नंदुरबार जिल्हा झाला 1998 मध्ये, त्यामुळे पुस्तकावर धुळ्याचा शिक्का असणार. जुनी नोंद संगणकावर चढवायचं काम, म्हणजे बॅकलॉग एन्ट्री, लायसन्स देणारं कार्यालयच करतं. मूळ पुस्तक घेऊन धुळ्याला जा. वर्ष केव्हाच उलटल्यामुळे टेस्ट मात्र द्यावीच लागेल.