मांजराचं औषध उरलंय, सशाला टाकू का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात एक बोका आहे आणि लेकीच्या हट्टापायी आणलेले दोन ससे. बोका दिवसभर गल्ली हिंडून येतो, या पावसाळ्यात त्याने पिसवा आणल्या आणि आता घरभर झाल्यात, आमच्या पण पायाला चावतात, सासूबाई रोज म्हणतात की आधी ते ससे बाहेर काढा. मेडिकलमधून मानेवर टाकायच्या थेंबांच्या दोन ट्यूब आणल्या, पाकिटावर मांजराचं चित्र आहे. एक काल रात्री बोक्याला टाकली. दुसरी उरलीय ती दोन सशांना अर्धी-अर्धी टाकू का? ससा मांजरापेक्षा लहानच की. आणि बोका नि ससे एकमेकांना चाटत बसतात, त्याचं काय?

उत्तर : ताई, टाकू नका. अर्धी नाही, पाव नाही, एक थेंब पण नाही. आणि टाकायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण माझ्याकडे बहुतेक लोक टाकून झाल्यावर येतात.

आता पाकीट हातात घ्या, चित्र बघू नका, मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा. आपल्याकडे मांजराच्या थेंबांमध्ये बऱ्याच वेळा फिप्रोनिल असतं आणि तुमच्या पाकिटावर पण तेच निघेल असं मला वाटतंय. नाव ओळखीचं वाटलं तर आश्चर्य नाही, तुमच्या सासरी ऊस असेल तर खोडकिडीसाठी हेच फिप्रोनिल शेतात वापरत असतील. किड्याच्या मेंदूला शांत ठेवणारी जी यंत्रणा असते ती हे बंद पाडतं, मग किडा तडफडून मरतो. मांजर-कुत्र्यावर त्या मानाने परिणाम कमी म्हणून त्यांना चालतं. सशाला नाही चालत. ससा सुस्त पडतो, खाणं सोडतो, नंतर झटके येतात आणि मरतो पण. मांजराच्या एका ट्यूबमध्ये साधारण अर्धा मिली औषध असतं, त्यात 50 मिलिग्रॅम फिप्रोनिल. ससा लहान म्हणून अर्धं टाकू हा हिशोब इथे लागूच पडत नाही, प्रश्न वजनाचा नाहीच, प्राणीच वेगळा आहे. सशाला छोटं मांजर समजायचं ही चूक शिकलेली माणसं पण करतात.

बोक्याचं म्हणाल तर त्याला काल टाकलंय ना, मग आजपासून निदान दोन दिवस त्याला आणि सशांना वेगळ्या खोलीत ठेवा. दारं लावून, नुसतं 'लक्ष ठेवते' म्हणून नको, तुम्ही भाकरी थापायला बसलात की तो गेलाच त्यांच्याकडे. वरून केस सुकले तरी हे औषध कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींमध्ये साठतं आणि तिथून महिनाभर हळूहळू बाहेर येत राहतं, म्हणून तर त्याचा असर टिकतो. त्यामुळे ससे रोज त्याची मान चाटणार असतील तर मी या घरात फिप्रोनिल पुन्हा वापरणारच नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांना सांगून बोक्याला सेलामेक्टिनचे थेंब घ्या. ते पिसवांवर चालतं, कानातल्या किड्यांवर पण चालतं आणि सशांनासुद्धा डॉक्टर वजन करून तेच देतात. सशासाठी म्हणून त्याची परवानगी नाही, पण जगभर सशांचे डॉक्टर वापरतात. दुसरं इमिडाक्लोप्रिड, ब्रिटनमध्ये ते सशांसाठी अधिकृतपणे मिळतं. पण इथे पण पाकीट वाचायचं, कारण कुत्र्यांच्या काही थेंबांत इमिडाक्लोप्रिडबरोबर परमेथ्रिन मिसळलेलं असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतणारं आहे. म्हणजे सशाला वाचवायला गेलात आणि बोका गेला असं व्हायचं.

आणखी एक, गावाकडून कुणीतरी नक्की सांगेल की गोठ्यात गोचिडाला मारतो ते औषध पाण्यात टाकून फवारा, म्हशीला काही होत नाही. म्हशीला नसेल होत. मांजराला होतं.

सशाला थेंब टाकायच्या आधी त्याला खरंच पिसवा आहेत का ते तरी बघा. बारीक दातांची फणी घ्या, पाठीवरून फिरवा, काळे कण निघाले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे रक्तच. नुसता कोंडा पडत असेल किंवा नाकावर, कानाच्या कडेला, पंजांवर खपल्या धरल्या असतील तर ती खरूज असू शकते, त्याचं औषध वेगळं आणि ती माणसाला पण खाज आणते.

खरी लढाई मात्र घराशी आहे. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे शंभरातल्या पाच धरा, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं फरशीच्या फटीत, पायपुसण्यात आणि सासूबाईंच्या वाकळेत. बोका झोपतो ती वाकळ गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका, पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी दुसरं काम नको. सशांच्या पिंजऱ्यातलं जुनं गवत रोज काढून घराबाहेर टाका. व्हॅक्यूम असेल तर रोज फिरवा, त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा जाग्या होऊन बाहेर पडतात, मग पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. नसेल तर झाडू आणि फटीत ओला फडका. कोष महिनोनमहिने तग धरतात म्हणून आठ दिवसांत काही गेलं नाही असं म्हणून औषधं बदलत बसू नका, निदान तीन महिने चिकाटीने करावं लागतं. बोक्याला पण दर महिन्याला, पिसवा दिसत नसल्या तरी. आणि सासूबाईंना सांगा की पिसवा सशांनी नाही, बोक्याने आणल्यात.

प्रश्न : डॉक्टर, मी कराडवरून लिहितोय. आमच्या पोराने न विचारता सशाच्या मानेवर मांजराचे थेंब टाकले, दोन तास झालेत, ससा नॉर्मल दिसतोय. काय करू?

उत्तर : तुम्हाला फोनवर सांगून झालंय, बाकीच्यांसाठी इथे देतोय. नॉर्मल दिसतोय म्हणून थांबायचं नाही, फिप्रोनिलचा त्रास लगेच दिसेलच असं नाही, कधी काही दिवसांनी पण झटके येतात. आधी डॉक्टरांना फोन. तेवढ्यात थेंब टाकलेली तेवढीच जागा कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण घेऊन फडक्याने दोन-तीनदा पुसून काढा, हातात ग्लोव्हज घाला, मग टॉवेलने एकदम कोरडं करून ऊबेत ठेवा. सगळा ससा बादलीत बुडवायचा नाही, ससे भीतीने आणि गारठ्याने दगावतात. दुसरा ससा असेल तर वेगळा ठेवा, नाहीतर तो चाटेल. उलटी करवायच्या भानगडीत पडू नका, ससा ओकूच शकत नाही. यावर उतारा असा नाही, झटके थांबवायचं इंजेक्शन, सलाईन आणि पोटात अन्न जात राहणं हीच ट्रीटमेंट. लेंड्या मोजत राहा. 12 तास खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या तर रात्र आहे, सकाळी बघू असं करू नका. पाकीट बरोबर न्या. आपल्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी, ससा क्वचित येतो, तिथे औषधाचं नाव समोर असलं की अर्धा वेळ वाचतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज पण आहे, हायवेलाच, गरज पडली तर तिकडे नेता येतं.

प्रश्न : साताऱ्याहून विचारतेय, केमिकल नकोच म्हणून सशांच्या पिंजऱ्यात कापूर, डांबर गोळ्या ठेवल्या आणि कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली तर? आणि पिसवांचा पट्टा?

उत्तर : पट्टा नको, ससा कुरतडून खातो. अंघोळ नको, कारण वर सांगितलंय. कापूर आणि डांबर गोळ्या पण केमिकलच आहेत हो, बंद पिंजऱ्यात त्यांचा वास त्या जिवाने दिवसभर ओढायचा आणि एखादी गोळी मांजराच्या पोटात गेली तर रक्त आणि लिव्हर दोन्हीची वाट लागते. त्या लग्नाच्या शालूबरोबर ट्रंकेतच राहू द्या.